वन्सं, दांडीतला भंडारा आधी मी पाहिला

वन्सं, आधी मी म्हटलं होतं. तुम्ही मागनं म्हणालात. हे एकदा तुमच्या तोंडून कबूल करून घ्यायचं माझ्या फार मनात होतं, आणि तुम्ही कबूल न करताच गेलात. तेरावं परवा झालं. आल्यागेल्याची वर्दळ आता थांबलीय, पै-पाहुणे आपापल्या गावी गेलेत, आणि तुमच्याशी भांडायला मला कुठं आत्ता सवड मिळालीय. नणंद-भावजयीचं भांडण जिवंतपणी मिटल्याचं मी कधी ऐकलं नाही. मग माणूस गेलं म्हणून तरी ते का मिटावं?

सुरुवातीपासूनच काढते. तुमचे भाऊ फौजेतून सुटून आले, तेव्हा दुसऱ्या बायकांच्या नवऱ्यांसारखे ट्रंक आणि घोंगडी घेऊन आले नाहीत. बैलगाडीत एक भलीमोठी पेटी घालून आले. चार पाय, वर काच, आत पितळी घंट्या आणि खिळेच खिळे. छावणीतल्या साहेबांच्या क्लबातलं मोडीत निघालेलं खेळायचं मशीन. पुढची दांडी मागं ओढायची आणि सोडायची. स्प्रिंगच्या जोरानं ती लोखंडी गोळीला टोला देते, गोळी कडेच्या गल्लीतून वर चढते, आणि मग खिळ्यांवर आपटत, घंट्या वाजवत खाली येऊन कुठल्या तरी भोकात पडते. ज्या भोकात पडेल त्याप्रमाणे कुणाला शिट्टी, कुणाला फणी, कुणाला काही नाही. फौजेच्या वर्कशॉपात जन्म घालवलेल्या माणसानं त्यातलं विजेचं सगळं लचांड उपटून टाकलं आणि मला सांगितलं, "हे घिऊन आता जत्रा करायच्या." साताऱ्याच्या कचेरीतल्या कारकुनाची मी मुलगी. नवरा एखाद्या कारखान्यात चिकटेल, साताऱ्यात खोली घेईल, अशी माझी स्वप्नं. मी त्या पेटीकडं बघून पदरानं तोंड झाकलं. रडू लपवायला नव्हे, हसू.

आणि लगेच पाठोपाठ तुम्ही आलात. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! माणात, दहिवडीकडं, तुमच्या सासरची पिठाची गिरणी होती. बहात्तरच्या दुष्काळात माणसांना खायला दाणा नव्हता, तिथं दळायला कोण आणणार? गिरणी थांबली आणि त्याच सुमारास तुमचे मालकही गेले. कुंडलला भावाकडं चार दिवस म्हणून आलात. मला वाटलं, विधवा नणंद, पोटी मूल नाही, बिचारी कोपऱ्यात बसेल, शेंगा फोडेल, आपण तिला चहा देऊ. चांगली वागेन असं मी मनाशी ठरवलंही होतं.

कोपऱ्यात बसायचं तुम्हाला ठाऊकच नव्हतं. आल्या आल्या तुम्ही त्या पेटीभोवती फिरलात, दांडी ओढलीत, सोडलीत, परत ओढलीत. गोळी न घालता. मग मान तिरकी करून म्हणालात, "बापू, हिचा आवाज पोकळ येतुया. फुडचं रबर झिजलंय बघ." तुमच्या भावानं रबर काढलं तर खरंच त्याला गोळीच्या आकाराचा खळगा पडलेला. जुन्या चपलेच्या टाचेचा तुकडा कापून बसवला आणि गोळी सुसाट गेली. तुमचे भाऊ जे हसले! लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, पण माझ्या कुठल्या स्वयंपाकाला, कुठल्या लुगड्याला ते तसे हसले नव्हते. तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते लागलं.

तुम्ही म्हणाल, मशीनवरनं कुणी जळतं का? वन्सं, मशीनला आग लावा. मला हाक पाहिजे होती. काही अडलं, खुट्ट झालं की हे ओरडायचे, "आक्काऽ!" जत्रेच्या त्या कालव्यातही ती हाक पार पाळण्यापर्यंत ऐकू जायची. मला हाक असायची "अगं". "अगं, च्या कर." "अगं, फण्या संपल्या." जिथं जीव अडकला असेल तिथं आक्का, आणि जिथं भांडं अडकलं असेल तिथं अगं. मला एकदाच, चारचौघांत, मशीन अडलेलं असताना माझ्या नावानं हाक यायला हवी होती. एवढंच मागणं होतं. शालन. तीन अक्षरं. काय जड होती?

आता पालीचं सांगते. तुम्ही मधे बोलू शकत नाही, तेव्हा आज पहिल्यांदा ते खरंखुरं सांगितलं जाईल.

पालीच्या खंडोबाची जत्रा. देवाचं लग्न, नदीच्या वाळवंटात माणसाला माणूस चिकटलेलं आणि आभाळातून भंडारा पडतोय. माणसं पिवळी, बैलं पिवळी, भजी पिवळी. आपलं मशीन लावलं तेव्हा मी हळदीकुंकवाची बोटं काढली, नारळ फोडला. तेवढ्यावर भागलं असतं. पण तुम्ही माणातल्या, तुमचं कुलदैवत, तुमच्या अंगात उत्साह. "द्येवाच्या दारात आलूय, असं कोरडं पुजत्यात व्हय?" म्हणालात आणि मूठभर भंडारा थेट दांडीवर उधळलात. का? तर म्हणे सगळा जोर तिच्यात आहे. त्यावर तुमच्या भावानं तेलाची धार सोडली. फौजेतल्या माणसाला तेल म्हणजे तीर्थ. वन्सं, तो उधळणारा हात तुमचा होता. माझा नव्हता. एवढं लक्षात ठेवा.

सकाळी मशीन बरं चाललं. दुपारनं गोळी दमायला लागली. अर्ध्या गल्लीपर्यंत जायची आणि परत माघारी यायची. पोरं "घसरगुंडी! घसरगुंडी!" म्हणून ओरडायला लागली. तुमचे भाऊ म्हणाले, "वाळूत म्होरचं पाय खचल्यात, चढ वाढलाय." त्यांनी पुढच्या पायांखाली विटा सारल्या. आता गोळी कशीबशी वर चढली, पण पेटी इतकी सपाट झाली की खिळ्यांच्या मधेच थांबून राहिली. विटा काढल्या. मग म्हणाले, स्प्रिंग मेली. कुणाच्या तरी सायकलच्या सीटची स्प्रिंग मिळवून बसवली. ती ओढायला पैलवान लागला, आणि त्यानं सोडल्यावर गोळी अशी उसळली की काचेवर आदळून एक कोपरा तडकला. पुढच्या खेपेला तीच दांडी निम्म्यातच रेंगाळली. जुनी स्प्रिंग परत घातली. दर खेपेला तेल. भंडारा वरून पडतच होता, आणि हे तेल ओततच होते.

मी बक्षिसांच्या पेटीपाशी होते. हातात फडकं होतं. दांडी ज्या नळीतून आतबाहेर होते तिच्या तोंडावर मला पिवळा चिखल दिसला. फडक्यानं टिपला, बोटांत चोळला. दाट, चिकट, वळवटीच्या पिठासारखा. मी म्हटलं, "आवं, हे पिवळं बघा की. नळीत भंडारा बसलाय."

तुमच्या भावानं वरही बघितलं नाही. "पालीत समदंच पिवळं हाय. तू गिऱ्हाइकं बघ."

"आवं पर नळी उघडून तर बघा."

"द्येवाचा भंडारा हाय त्यो. हात जोड आन् गप बस."

हे तुम्ही ऐकलंत. तुम्ही हाताच्या अंतरावर होता आणि तुमचे कान गिरणीवालीचे, पट्ट्याचा सूर बदललेला शेजारच्या गल्लीतून ओळखणारे. ऐकलंच नाही असं मला सांगू नका. तुम्ही पुढं झालात, दांडी ओढलीत, हळूच सोडलीत, आणि भाविक माणसानं गाभाऱ्यात सांगावं तसं सांगितलंत, "वडताना ठीक हाय, पर सोडल्याव आळस करतीया. ईस्प्रिंग न्हवं बापू. नळीत कायतरी धरतंय तिला. आमच्या गिरणीत असंच व्हायचं. पीठ आन् त्याल एक झालं की त्याचं लुकण हुतंय. जितं पीठ उडतंय तितं उघड्याव त्याल लावायचं न्हाई."

"आक्का!" तुमचे भाऊ ओरडले. "आक्का, तू हाईस म्हणून!" आणि मी मगाशी जी नळी उघडा म्हणत होते तीच नळी त्यांनी उघडली. आत बोटभर जाड पिवळं लुकण. रॉकेलमध्ये धुतलं, माझ्याच फडक्यानं पुसलं, तेलाचा थेंब न लावता कोरडं बसवलं. गोळी वर गेली, घंट्या वाजल्या, पोरांनी येळकोट केला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. काचेत माझा चेहरा दिसत होता, जत्रेतल्या इतर चेहऱ्यांसारखाच पिवळा, पण माझा काही भंडाऱ्यानं झाला नव्हता.

संध्याकाळी भाकरी थापताना मी तुम्हाला म्हटलं, "वन्सं, आधी मी म्हटलं हुतं." तुम्ही काय म्हणालात? "तू भंडारा म्हणालीस गं. रोग म्या सांगितला." बघा! भंडारा हे काय औषध होतं? मी म्हटलं, "आन् उधळला कुणी?" तर तुम्ही दोन्ही कानांना हात लावून म्हणालात, "द्येवाच्या भंडाऱ्याला नाव ठिवू नगं, पाप लागंल." आणि माझ्या परातीतला उंडा उचलून स्वतःच थापायला बसलात. तुमच्या भाकरीही माझ्यापेक्षा गोल व्हायच्या. सगळं तुम्हालाच कसं दिलं होतं देवानं?

हे भांडण आपण मग म्हसवडला नेलं, शिंगणापूरला नेलं, औंधला नेलं. दर जत्रेत एकदा तरी "आधी कोण" हे व्हायचंच. तुम्ही कधी चिडला नाहीत, याचाही मला राग. भांडणाऱ्यानं चिडावं तरी!

आणि त्या बांगड्यांचं. हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही, आता सांगते. पालीनंतर दर जत्रेत तुम्ही मला कासाराकडच्या बांगड्या आणून द्यायचात. "बापूनं दिल्यात. त्याला लाजं वाटती, म्हणून माज्याकडं दिल्यात." हिरव्या, एकदा लाल कडेच्या, म्हसवडला मोरपंखी. बरोबर माझ्या मापाच्या. मी मनात म्हणायची, माणूस तोंडानं हाक मारत नसेल, पण जत्रा आली की आठवण ठेवतो. त्या बांगड्या घालून मी तुमच्यासमोरून मुद्दाम हात हलवत जायची, बघा म्हणून. मोरपंखी फुटल्या तेव्हा मी ह्यांना म्हटलं, "तुमी दिलेल्या बांगड्या फुटल्या वो." हे म्हणाले, "कसल्या बांगड्या?"

वन्सं, मी तुमच्यावर जेवढी त्या दिवशी जळले तेवढी पालीतही जळले नव्हते. माझ्या नवऱ्याचं प्रेमसुद्धा तुमच्याच हातून यावं? आणि तेसुद्धा तुमच्याच खिशातलं? पण मी बोलले नाही. बोलले असते तर पुढच्या जत्रेत बांगड्या आल्या नसत्या. मला त्या हव्या होत्या. तुम्ही "बापूनं दिल्यात" म्हणत राहिलात, मी "व्हय का" म्हणत राहिले. स्वतःचा हात कासारापुढं धरून "ह्याच्यापेक्षा एक सूत बारीक" असं तुम्ही सांगत असाल, ते चित्र माझ्या डोळ्यांपुढं यायचं. एवढं माझं माप माझ्या आईलाही माहीत नाही.

सांगलीच्या दवाखान्यात डबा घेऊन मी येत होते तेव्हा एकदा तुम्ही जराशा बऱ्या होता. मी म्हटलं, चला, आज मिटवून टाकू. "वन्सं, पालीत आधी कोण म्हणालं?" तुम्ही हसलात आणि म्हणालात, "बरी झाल्याव भांडू गं. आत्ता दम लागतुय. तुजं तोंड आन् माजा दम, जोड न्हाई जमायची." मी डबा उघडला आणि तुम्हाला चार घास भरवले. तुम्ही शब्दाच्या पक्क्या, असं सगळा गाव म्हणतो. हा शब्द काही तुम्ही पाळला नाहीत.

परवा तेरावं उरकल्यावर तुमचे भाऊ छपरात गेले आणि मशीनची दांडी काढून बसले. काही बिघडलं नव्हतं. नुसतं हाताला काम. स्प्रिंग दाबून धरल्याशिवाय तिच्या टोकाची चकती बसत नाही, आणि ती दाबून धरायचं काम तुमचं. हे दोनदा करायला गेले, दोन्हीदा स्प्रिंग सुटली. मी जवळ जाऊन म्हटलं, "म्या धरू का?" ते म्हणाले, "आक्का धरायची तसं धर." मेल्यावरसुद्धा तुम्हीच! मी धरलं. अंगठा वर, दोन बोटं खाली, मनगट मांडीला टेकवून, आणि चकती बसताना श्वास रोखून. ते माझ्या हाताकडं बघतच राहिले. "कवा शिकलीस?" मी म्हटलं, "बघून." काय सांगू त्यांना? की त्यांनी तुम्हाला नुसत्या हाका मारल्या, आणि मी जळत जळत तुमचा एकेक हात, एकेक बोट पाठ केलंय? तुम्ही मान कुठल्या बाजूला तिरकी करायचात, कान देताना डोळे कसे मिटायचात, हे त्यांना विचारा. त्यांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे.

चकती बसली. ते म्हणाले, "बरं झालं, शालन." ज्या नावासाठी एवढी वर्षं झुरले ते असं हळू आवाजात, रिकाम्या छपरात, तुम्ही नसताना आलं. मला ते गोड लागलं नाही. तुम्ही तिथं असता आणि तुमच्या नाकाला मिरच्या झोंबल्या असत्या तर त्याला चव होती.

आणि आता मी तुमच्यावर नाही, तुमच्या भावावर जळते. तुम्ही गेलात तसं सगळं गाव त्यांच्या पाठीवर हात ठेवून गेलं. मोठमोठ्या मिशांची माणसं त्यांना धरून रडली. माणातून तुमची जाऊ आली, जी दुष्काळात तुम्हाला पसाभर जोंधळे द्यायला तयार नव्हती. तिच्या गळ्यात पडून बायका रडल्या, कारण ती तुमच्या घरची. मला कुणीतरी म्हटलं, "शालन, पाव्हण्यांस्नी च्या टाक." शेजारची म्हातारी चुलीपाशी येऊन माझ्या कानात म्हणाली, "सुटलीस बाई एकदाची. लय चढून बसली हुती तुज्या डोस्क्याव."  चहात साखर घालायची विसरले, आणि सगळ्यांनी तो तसाच प्याला. दुखवट्याच्या घरी कोण बोलणार?

भाऊ रडला की लोक म्हणतात, माया बघा. भावजय रडली की लोक म्हणतात, सोंग बघा. मग मी रडले नाही. तेराव्यापर्यंत मी एवढी कामं केली की बायका म्हणाल्या, हिला काही वाटत नाही, आणि वर कामाचं कौतुकही केलं.

काल साताऱ्याहून माझी आई आली. तिला आजवर मी तुमच्या कागाळ्याच सांगत आले. तिच्या लेखी तुम्ही म्हणजे माझ्या नशिबातला फुफाटा. ती पिशवी ठेवून उंबऱ्यात टेकली, आणि मला काय झालं कळलं नाही, मी तिच्या कमरेला मिठी घातली आणि लहान पोरीसारखा हंबरडा फोडला. ती घाबरली. माझा चेहरा वर करून म्हणाली, "काय झालं गं? जावई काय बोलले का? हात उचलला का?" मी मान हलवली. "मग? आगं बोल की."

मी म्हटलं, "वन्सं गेल्या."

"ते म्हाईत हाय मला," आई म्हणाली. "पर तुला काय झालं?"

मी परत सांगितलं, "आई, वन्सं गेल्या."